कागदी कपाचा रुपया आणि उत्तमदादा

दादा, तुमच्या मातीला सगळं गाव आलं होतं. बायका माझ्या गळ्यात पडून "लई वाईट झालं" म्हणत होत्या आणि मी नुसती मान हलवत होते. खरं सांगू का? मला आतून मोकळं वाटत होतं. तुमच्या लेकीनं, सुनंदानं सांगितलं, ती सकाळी तुम्हाला उठवायला आली तर तुम्ही कुशीवर निजलेले, चेहरा शांत. दवाखाना नाही, नाकात नळी नाही, लेकीच्या हातानं घास भरवून घेणं नाही. ज्याची तुम्हाला धास्ती होती त्यातलं काहीच तुमच्या वाट्याला आलं नाही. मी रडले, चांगली रडले, आणि घरी येऊन आंघोळ करून दोन भाकरी खाल्ल्या. तुम्ही असता तर म्हणाला असता, "बगा, आमच्या शोभाताईला दुःख झालं की भूक लागती."

आता शोकसभा होईल. तुमचा जन्म कधीचा, शिलाई मशीन किती वर्षं चालवलं, मेंबर कितीदा झालात, हे सगळं कुणीतरी कागदावरून वाचून दाखवेल. मला त्यातलं काही बोलायचं नाही. मला तुमच्याशी चहाच्या कपांबद्दल बोलायचंय. आपलं ते भांडण अर्धं राहिलंय, आणि अर्धं भांडण घेऊन मला बसवत नाही.

आपण दोघं कसे एकत्र आलो, याचं गावाला अजून नवल वाटतं. तुम्ही चौथ्या वॉर्डाचे, म्हणजे दलित वस्तीचे मेंबर, हाताला टेप आणि कानावर खडू असलेले शिंपी. मी पहिल्या वॉर्डाची, किराणा दुकानदाराची बायको, देवघरात पिंड आणि जिभेवर मिरची. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत आपल्या खुर्च्या शेजारी आल्या आणि तेव्हापासून एकाही ठरावावर आपलं पटलं नाही. कपांवरून तर मुळीच नाही.

फाट्यावर तीन हॉटेलं. तिन्हीत चहा मिळायचा तो बहुतेक डिस्पोजलमध्येच, म्हणजे कागदी कपात. बेंबळीकडून, तेरकडून येणाऱ्या गाड्या थांबल्या की माणसं उतरणार, चहा पिणार, कप तिथंच टाकणार आणि वारा ते कप उचलून आमच्या दारापुढच्या नालीत आणून घालणार. नाली तुंबायची. शेळ्या ते कप चघळायच्या. आपल्या तरण्या सरपंचानं सभेत मांडलं की कागदी कपात चहा मागेल त्यानं रुपया जादा द्यावा, काचेच्या ग्लासात पिईल त्यानं देऊ नये. मी लगेच हात वर केला. तुम्ही विचारलंत, "ह्या रुपयाचा भार कुणावर पडंल, ह्ये कुणी बगितलंय का?"

"रुपया सगळ्यांना सारखाच की दादा," सरपंच म्हणाला.

"म्या शिंपी हाय. समद्यांना एकच माप लावलं तर कुणाची तरी बगल उसवती."

झालं. सभेनं ठरवलं की रुपया लावायच्या आधी कुणाला काय अडचण येईल ते दोघांनी गावात फिरून बघावं. एक बाजूचा, एक विरुद्ध. मला तर वाटतं, आपण दोघं गावात भांडत फिरलो म्हणजे सभा तेवढी निवांत होईल, असाच सगळ्यांचा हिशेब होता.

बाजाराच्या दिवशी निघालो. तेरहून पहिल्या गाडीनं येणारी भाजीवाली आठवते? मेथीच्या जुड्या मांडून बसलेली. मी तिला मोठ्या उत्साहानं सांगितलं की ग्लासात प्याल तर रुपया पडणार नाही. ती माझ्याकडं बघतच राहिली. "बाई, माल सोडून आमी हॉटेलात कवा जावं? आमाला चहा हितंच येतो, कागदाच्या कपात. म्हंजी बाप्ये खुर्चीवर बसून फुकट, आन उन्हात बसलेल्या आमाला रुपया. व्हय ना?" तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. एवढी मेहरबानी केलीत.

पण हॉटेलापुढं आल्यावर तुम्ही सोडलं नाही. दोघीचौघी बायका बाहेर झाडाखाली उभ्या होत्या, हातात कागदी कप. तुम्ही विचारलंत, "ताई, तुमी कवा आत बसून चहा घेतलाय हितं?" लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून या फाट्यावर मी कितीतरी वेळा चहा प्यायले असेन, पण उभ्यानं, बाहेर, एका हातात पिशवी धरून. आत जाऊ नये असं मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी गेले नव्हते.

"मग चला," तुम्ही म्हणालात.

अप्पांच्या हॉटेलात पाय टाकला तेव्हा सगळे पेपर एकदम खाली आले. अप्पांनी आपलं टेबल पुसलं, मग परत पुसलं. मेंबरबाई आत आलीय म्हणजे तपासणीच आली, असं त्या बिचाऱ्यांना वाटलं असावं. आपण मुद्दाम काचेचे ग्लास मागितले. मी पदर गुंडाळून माझा ग्लास धरला तरी बोटं भाजली. तुम्ही तर हातच लावला नाहीत. चहावर साय धरेपर्यंत तुम्ही बोलत बसलात, पाऊस, सोयाबीन, पोरांच्या शाळेचे गणवेश, काय वाट्टेल ते. मला वाटलं, दादांना आज बोलायची हुक्की आलीय.

मग तुम्ही चहा संपवून उठलात, ग्लास उचललात, दारापाशी ठेवलेल्या पिंपाकडं गेलात आणि ग्लास विसळायला लागलात.

हॉटेलात सगळ्यांनी पेपर परत वर धरले. बोलण्यासारखं कुणाला त्यात काही दिसलंच नाही. तुमच्या वयाच्या, तुमच्या वस्तीतल्या माणसांना पोरपणापासून तेच शिकवलेलं होतं: हॉटेलात चहा प्यायचा तर ग्लास आपल्या हातानं विसळून पालथा घालायचा. बाकीच्यांनी टेबलावर सोडून उठायचं. कागदी कप आल्यावर विसळायला काही उरलं नाही, तशी ही गोष्ट दिसायचीही बंद झाली. त्या दिवशी हातात ग्लास आला आणि तुमचा हात आपला आपण कामाला लागला. अर्ध्यात तुमच्या लक्षात आलं. तुम्ही तसेच उभे राहिलात, ओला ग्लास हातात, हात थरथरतोय. मग तुम्ही वळून म्हणालात, "अप्पा, ह्ये तुमचं काम हाय."

अप्पा गल्ल्यावरून उठले, पुढं आले आणि त्यांनी ग्लास घेतला. "दादा, खरं सांगतो," ते खालच्या आवाजात म्हणाले, "डिस्पोजल आलं आन माझा बी जीव सुटला होता. कुणाचा कुणी धुवायचा, ती भानगडच मिटली. आता तुमी मेंबर लोक परत उकरून काढायलात."

बाहेर येऊन तुम्ही झाडाच्या पारावर बसलात. "बगितलंत ना? मेंबर झालो, पर हात ऐकंना. म्हणून म्हणतो, कागदी कप ऱ्हाऊ द्या. त्येला जात न्हाय."

माझी जीभ तुम्हाला ठाऊकच आहे. मी म्हटलं, "आणि नालीतले ते कप कोण उपसतं, दादा? तुमच्याच वस्तीतली माणसं ना? गुडघाभर घाणीत उतरून? त्यांचा भार कुणी मोजायचा?"

तुम्ही टोपी काढली, झटकली, परत घातली आणि मला न सांगता घराकडं चालू लागलात. त्यानंतर किती तरी दिवस तुम्ही माझ्याशी धड बोलला नव्हता. मला वाईट वाटलं, पण शब्द मागं घ्यावेसे वाटले नाहीत. आजही वाटत नाहीत. तुमचं खरं होतं आणि माझंही खरं होतं, आणि तिथंच आपलं घोडं अडलं होतं.

पुढच्या सभेत ग्रामसेवकांनी तोडगा आणला. भला माणूस, लांबच्या जिल्ह्यातून बदलून आलेला, कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकून आला होता. म्हणाले, ज्यानं त्यानं आपला कप घरूनच आणावा. आणेल त्याला रुपया माफ. कचरा नाही, खर्च नाही, धुण्याची कटकट नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. सरपंच तर लिहूनच घ्यायला लागला. तुम्ही टेबलाला धरून उठलात.

"माझा बाप घरचाच कप न्यायचा," तुम्ही म्हणालात. "ह्याच फाट्यावर. कप हॉटेलाच्या भाईर, भितीतल्या कोनाड्यात ठिवलेला असायचा. बापानं तो फुडं धरायचा आन वरनं, लांबनं, त्येच्यात चहा वतायचे. म्या बापाचं बोट धरून हुबा असायचो." मग ग्रामसेवकांकडं वळून, अगदी मऊ आवाजात, "सायेब, तुमी चांगल्या मनानं बोललात, त्याबद्दल तकरार न्हाय. पर आमच्या वस्तीतलं एकबी म्हातारं घरचा कप घिऊन हॉटेलात जाणार न्हाय. म्या तर मेलो तरी न्हाय."

ग्रामसेवकांनी हात जोडले. सरपंचानं लिहिलेलं खोडलं. एवढ्या वर्षांत तुम्ही वडलांचं नाव काढलं नव्हतं, आणि मीही नंतर कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. तुम्हाला सांगावंसं वाटलं असतं की नाही, हे आता मला कळायचं नाही.

त्याच आठवड्यात सुनंदा दुकानात आली. साखर घेतली, तरी जाईना. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाली, "काकी, दादांनी हॉटेलात जायचं सोडलंय. तुमाला ठावं हाय का?" मला ठाऊक नव्हतं. तुमच्या हाताला कंप होता हे दिसत होतं, पण तो इतका वाढलाय हे तुम्ही गावाला कळू दिलं नव्हतं. कागदी कप हातात चेपायचा आणि उकळता चहा मनगटावर. काचेचा तापलेला ग्लास धरवायचा नाही. म्हणून सकाळचा चहा, तो पेपर, ती मंडळी, सगळंच तुम्ही सोडलं होतं. सुनंदानं धाराशिवहून दोन कानांचा मोठा मग आणला होता तुमच्यासाठी. घरी तुम्ही त्यात चहा घ्यायचात. पण तो पिशवीत घालून हॉटेलात न्या म्हटलं की तोंड फिरवायचात. "दिवसभर मशीनीफुडं बसत्यात," ती म्हणाली, "मशीन न्हाय चालवत. नुसतेच बसत्यात."

तेव्हा मला समजलं, चहावर साय धरेपर्यंत तुम्ही का बोलत होता ते. आणि हेही, की ज्या एका माणसाला स्वतःचा कप नेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, तोच माणूस मेलो तरी नेणार नाही म्हणत होता. तुम्हाला हे जाऊन सांगायची काही सोय नव्हती. तुम्ही मला उंबऱ्यातूनच वाटेला लावलं असतं.

म्हणून मी काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि तुम्हाला ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे. गावात फिरून काय बघितलं ते आपल्याला सभेपुढं सांगायचं होतं, तेव्हा मी उठून म्हणाले, "बायकांना गरम ग्लास धरवत नाही. हॉटेलात बायकांनी यावं असं वाटत असेल तर कानाचे कप ठेवा. जाड, मोठ्या कानाचे, चार बोटं आत जातील असे. आणि सगळ्यांना तेच. बायकांचे वेगळे नकोत." सभेत हशा पिकला. कुणी म्हणालं, शोभाताई आता कपाच्या कानापर्यंत पोचल्या. तुम्ही हसला नाहीत. माझ्याकडं बघितलंत, बराच वेळ बघितलंत, आणि म्हणालात, "बायकांचं बराबर हाय."

याच्यावर आपण पुढं एक शब्दही बोललो नाही. चांगलं केलं.

बाकीचं तुम्ही सांगितलंत. हॉटेलवाल्यानंच कप धुवायचे, समदे एकाच टोपल्यात, गरम पाण्यानं. गिऱ्हाइकानं कुणीबी आपला कप विसळायचा न्हाय. बाहेर झाडाखाली उभ्या बाईला तोच कप, बाजारात मेथी विकणारीलाही तोच, किटलीबरोबर जाईल आणि किटलीबरोबर परत येईल. हे सगळं सुरू होईपर्यंत रुपया लावायचा नाही. त्यानंतरही कुणाला कागदीच हवा असेल तर त्यानं रुपया द्यावा, हे तेवढं मी घातलं. आपल्या दोघांच्या सह्या एका कागदावर पहिल्यांदाच आल्या. अप्पा कुरकुरले, "बायकांपायी एवढं? बरं, आणतो." आणि सोलापूरहून तिन्ही हॉटेलांचे कप एकदमच आले, पांढरे, जाडजूड, सगळे एका घडणीचे.

तुम्ही आलात ती सकाळ मी आयुष्यात विसरणार नाही. इस्त्रीचा सदरा, टोपी. मी आणि दोन जावा आधीच आत बसलो होतो, आता आम्हाला सवय झाली होती. तुम्ही आमच्याकडं बघून न बघितल्यासारखं केलंत आणि नेहमीच्या बाकड्यावर बसलात. अप्पांनी कप ठेवला. तुम्ही उजव्या हाताची बोटं कानात घातली, डावा हात बुडाखाली लावला. कप उचलला. बशीत थोडा सांडला, तो बशीनंच पिऊन टाकला. शेजारच्यानं पेपरचं आतलं पान तुमच्यापुढं सरकवलं आणि म्हणाला, "दादा, कुटं होतात इतके दिस?" तुम्ही म्हणालात, "होतो की हितंच." माझ्या जावेनं मला कोपर मारलं, कारण माझे डोळे भरले होते आणि मी चहा तिखट झालाय म्हणत होते. मग तुम्ही उठलात. रिकामा कप टेबलावर सोडलात. दारातल्या पिंपाशी पाय जरा घुटमळले, आणि तुम्ही बाहेर पडलात.

तेव्हापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकही सकाळ चुकली नाही. म्हणून मला मोकळं वाटतंय, दादा. तुम्ही त्या मशीनपुढं नुसते बसून गेला असता तर मला घास गेला नसता. तुम्ही आदल्या दिवशी पेपर वाचून, अप्पांशी दुधाच्या भावावरून वाद घालून, कप टेबलावर ठेवून घरी गेलात. माणसाचं यापेक्षा बरं काय व्हायचं? मी मनोमन कितीदा तरी देवाचे आभार मानलेत, आणि तुम्हाला देवाचं आवडायचं नाही म्हणून तुमचेही मानते. मला आत बसवलंत. आता माझी सूनही बसते, आणि कधीकाळी ती बाहेर उभी राहायची हे तिच्या ध्यानातही नाही.

राहिलं आपलं भांडण. रुपया लावायलाच नको होता, हे तुमचं म्हणणं तुम्ही शेवटपर्यंत सोडलं नाही. "कप दिले, तितकं बास. दंड कशापायी?" मी म्हणायचे, नाली बघा, वाहायला लागलीय. तुम्ही म्हणायचात, औंदा वाराच कमी हाय. इतका हट्टी माणूस मी दुसरा बघितला नाही. आणि ते लग्नांचं! "फाट्यावरच्या गरिबाच्या एका कपाला रुपया, आन पाटलाच्या लग्नात ट्रॅक्टर भरून डिस्पोजल जातं, त्येला माफी. ह्ये कसलं तुमचं माप, शोभाताई?" मी तेव्हा परत नालीवरच यायचे. येत्या सभेत मीच ते मांडणार आहे. पाटील माझ्या नवऱ्याचे जुने गिऱ्हाईक आहेत, घरात आधीच तोंडं वाकडी झालीत. मी मांडेन, सगळे गप्प बसतील, आणि शेजारच्या खुर्चीतून "आता कसं" म्हणायला कुणी असणार नाही. रडू येतं ते त्या खुर्चीपाशी येतं.

काल सकाळी मी अप्पांकडं गेले होते. मनात एक होतं. म्हटलं, अप्पा, दादा ज्यात चहा प्यायचे तो कप मला द्या, त्याचे पैसे घ्या, मला घरी ठेवायचाय. अप्पांनी लगेच बाह्या सारल्या. टोपल्यातून एक कप काढला, उजेडात धरला, खाली ठेवला. दुसरा काढला. तिसरा हातात घेऊन ते फिरवत राहिले, कुठं टवका आहे का, कुठं डाग आहे का, बघत राहिले. पेपर वाचणारे दोघं उठून आले, तेही टोपल्यात वाकले. शेवटी अप्पा म्हणाले, "ताई, दादांचा म्हणून कोणता देऊ? म्या तर हाताला यील तो भरून देत होतो. ह्यातला कोणता कुणाचा, कसं सांगावं?"

मी त्यांना म्हटलं, राहू द्या अप्पा, धुऊन ठेवा सगळे. रिकाम्या हातानं घरी आले, दादा, आणि इतकं बरं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.